पाच माणसांच्या घराची स्वच्छता: झेपेल आणि टिकेल अशी घडी कशी बसवावी?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी.

दोन बेडरूमचा फ्लॅट आणि राहणारी माणसे पाच: आम्ही दोघे नोकरी करणारे, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. भांडी आणि केर-लादीला ताई येतात. तरीही सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, जेवणाच्या टेबलावर शाळेच्या वह्या आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग हा कारभार काही संपत नाही. सोमवारी स्वयंपाकघर, मंगळवारी हॉल, बुधवारी कपाटे अशी वेळापत्रके सगळीकडे मिळतात आणि ती उत्साहाने फ्रिजवर चिकटवलीही जातात. परंतु घरात एखाद्याला ताप आला, पाहुणे उतरले किंवा ताईंचा खाडा झाला की मंगळवारचे काम बुधवारी, बुधवारचे गुरुवारी असे ढकलता ढकलता रविवार सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसतो.

माझे प्रश्न दोन आहेत. कोणते काम खरोखर रोजचे, कोणते आठवड्याचे आणि कोणते महिन्याचे हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि घडी विस्कटल्यावर ती पुन्हा बसवण्यासाठी किमान काय करावे लागते? 'सामान कमी करा' हा सल्ला येणारच आणि तो मान्यही आहे, पण सासूबाईंच्या पितळी डब्यांना हात लावण्याची माझी प्राज्ञा नाही, त्यामुळे तो सोडून बोलावे ही विनंती.

फुरसत

'आम्ही तुमच्या भागात आलोच आहोत, अर्ध्या तासात चहाला येतो' असा फोन हे जगातील सर्वोत्तम वेळापत्रक आहे. त्या अर्ध्या तासात घर जेवढे आवरले जाते तेवढे पूर्ण रविवारात आवरले जात नाही. सगळा पसारा एका खोलीत ढकलून दार लावून घेतले जाते, हा भाग मात्र वगळावा.

नानाकाका

आमच्या वेळी असा प्रश्नच पडत नसे. वाड्यात पहाटे उठून सडा-संमार्जन होई, आंघोळीच्या आत घर झाडून पुसून लख्ख असे आणि चूल पेटण्याआधी ओटा धुतलेला असे. आता आठ वाजता उठायचे, धावत गाडी पकडायची आणि रात्री दमून आल्यावर केर काढायचा, मग घडी बसणार कशी? सकाळचा एक तास घराला द्यावा, बाकी सारे आपोआप होते.

अबोली

नानाकाका, तुमच्याविषयी आदर ठेवूनच विचारते, वाड्यात पहाटे उठून सडा-संमार्जन कोण करत असे? 'होई' आणि 'असे' या क्रियापदांमागे कोणाची तरी आई, काकू किंवा आजी वाकलेली होती, आणि तिला आठ बावन्नची लोकल पकडायची नव्हती.

नानाकाका

अबोलीताई, मुद्दा मान्य आहे. आई आणि दोन काकू करत असत. तरीही सकाळच्या वेळेविषयीचे माझे मत कायम आहे.

रसायनी

केतकीताई, तुमचा पहिला प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक जण वार ठरवतात आणि मग त्या वाराला काम शोधतात. माझ्या मते एखादे काम किती दिवसांनी करायचे हे वारावरून ठरवू नये. ती घाण किती वेगाने पक्की होते त्यावरून ठरवावे. काही घाण दोन आठवडे थांबली तरी तेवढ्याच श्रमात निघते, उदाहरणार्थ कपाटाच्या माथ्यावरची धूळ. काही घाण मात्र थांबली की तिची जातच बदलते.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. फोडणीतून उडणारे तेल ओट्यामागच्या टाइल्सवर बसते तेव्हा ते साध्या साबणाच्या फडक्याने निघते. तेच तेल उष्णता आणि हवा लागून काही दिवसांनी घट्ट, चिकट पापुद्रा बनते, त्यावर धूळ बसते आणि मग ते घासून काढावे लागते. म्हणून गॅसमागची भिंत एक-दोन दिवसांआड पुसणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि तीच भिंत तीन महिन्यांनी पुसणे ही अर्ध्या दिवसाची शिक्षा आहे. चिमणीच्या जाळीचेही तसेच आहे. ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोड्याने ती काळी पडते आणि खराब होते. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणीच बरे. स्टीलच्या जाळीला सोडा चालतो.

दुसरे, रात्रीचे सिंक. झुरळे रात्री बाहेर पडतात आणि अन्नापेक्षा पाण्यावाचून त्यांचे अधिक अडते. त्यामुळे झोपण्यापूर्वी सिंकमध्ये खरकटे नसणे, ओटा आणि सिंक कोरडे पुसलेले असणे आणि ओल्या कचऱ्याचा डबा झाकलेला असणे, ही माझ्या लेखी घरातील एकमेव खरी रोजची कामे आहेत. यातले काही उद्यावर टाकले तर त्याचा फायदा घेणारे रात्रीच हजर होतात.

तिसरे, बाथरूममधले पांढरे डाग. हा मळ नसून पाण्यातले क्षार आहेत, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी जड असते, ते टाइलवर थांबून वाळले की क्षार मागे राहतात. थोडक्यात, डाग पाण्याने पडत नाही, पाणी वाळल्याने पडतो. शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंतीवरून आणि जमिनीवरून वायपर फिरवला तर डाग धरणारच नाहीत. जुन्या डागांसाठी वाण्याकडे मिळणारे लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून, फडके त्यात भिजवून नळाला दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. परंतु कडप्पा, शहाबादी, कोटा किंवा संगमरवर यांवर लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल चुकूनही वापरू नये. हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड आहेत. आम्लाने दगडच विरघळतो, चकाकी जाते आणि ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही.

आणि एक सूचना ठळक अक्षरांत आहे असे समजून वाचावी. संडास धुण्याचे आम्लयुक्त द्रावण आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, एकामागोमाग एक ओतूही नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

केतकी_ठाणे

रसायनी, फारच उपयोगी प्रतिसाद आहे, मनापासून आभार. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंकमध्ये ओतण्याचे व्हिडिओ घरोघरी फिरत असतात, त्याविषयीही सांगाल का?

रसायनी

फेस भरपूर येतो आणि पाहणाऱ्याला समाधान मिळते. एक आम्ल आणि एक आम्लारी एकमेकांना निकामी करतात आणि मागे जवळजवळ पाणीच उरते. दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे आहेत.

रत्नांग्रीकर

वरील प्रतिसादाला कोकणातून एक पुरवणी. घाण कोणत्या वेगाने पक्की होते हे ऋतूवरही अवलंबून असते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर एक निराळेच घर असते. पावसाळ्यात शत्रू धूळ नसून ओल आहे. चपलांवर, पट्ट्यांवर, लाकडी कपाटाच्या पाठीवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, जिथे म्हणून हवा खेळत नाही तिथे बुरशीचा पांढरट-हिरवा थर चढतो. अशा दिवसांत बादलीभर पाण्याने रोज फरशी पुसणे म्हणजे घरात आणखी ओल आणणे होय. आम्ही पावसाळ्यात फडके घट्ट पिळून पुसतो, तेही पंखा लावून, आणि संततधार असेल तर नुसता केर काढून थांबतो.

आमचे खरे काम मे महिन्यात असते. गोधड्या, गाद्या, उशा, ट्रंकेतले कपडे कडक उन्हात घालायचे, कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढायची म्हणजे मागे हवा फिरते, आणि कौलांखालची जळमटे काढायची. जुलैत मात्र एकच नियम असतो: उघडीप मिळाली की हातातले काम सोडून कपाटांची दारे उघडायची आणि त्यांच्यासमोर पंखा लावायचा. ही उघडीप कोणत्या वारी येईल हे फ्रिजवरच्या तक्त्याला ठाऊक नसते.

नागपुरी_संत्रं

आणि आमच्याकडे त्याच मे महिन्यात धुळीची वावटळ येऊन गेली की तासाभरापूर्वी पुसलेल्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. विदर्भातील उन्हाळ्यात कोरड्या फडक्याने झटकणे हा निव्वळ धुळीचा प्रवास आहे, ती इथून उठते आणि तिथे बसते. किंचित ओलसर फडक्याने टिपून घ्यावी, वरून खाली या क्रमाने, आणि पंखा पुसायचा असेल तर पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून घ्यावा म्हणजे धूळ अभ्र्यात राहते. अंथरूण बदलण्याच्या दिवशीच, चादर काढण्यापूर्वी पंखा पुसला तर खाली काय पडले याची चिंता उरत नाही.

कूलरविषयी मात्र गांभीर्याने सांगतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन महानगरपालिका करतात ते याच हिशोबाने. पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, म्हणून टाकी आतून घासावी लागते. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे आणि गच्चीतली रिकामी बादली या चार जागा पाहाव्यात. रसायनी यांच्या भाषेत सांगायचे तर या घाणीचा वेग आठवड्याचा आहे, इथे पंधरवडा चालत नाही.

फुरसत

फ्रिजला मागे पाण्याचा ट्रे असतो हे मला आज कळले. पाहून येतो.

फुरसत

पाहिला. जेवण झाल्यावर पाहायला हवा होता.

अबोली

वरची चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु मला वाटते आपण सोप्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत. चिमणीची जाळी किती दिवसांनी धुवावी हे केतकीला शोधले असते तरी सापडले असते. घडी मोडते ती वेगळ्याच कारणाने. घरातील प्रत्येक काम कोणाच्या तरी डोक्यात नोंदलेले असावे लागते, आणि बहुतेक घरांत ती सगळी नोंद एकाच डोक्यात असते. ते डोके तापाने फणफणले की तक्ता फ्रिजवर असूनही घर थांबते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात हे आकड्यांत दिसते. घरच्यांसाठी बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी वेळ २९९ मिनिटे होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. त्याहून बोलका आकडा सहभागाचा आहे: अशा कामात दिवसभरात काही ना काही वेळ घालवणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, तर पुरुष २६.१ टक्के. म्हणजे ती ९७ मिनिटेही, जे थोडे पुरुष मुळात हात लावतात, त्यांचीच सरासरी आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा की कामांची वाटणी दिवसांत करू नये, माणसांत करावी, आणि ती संपूर्ण करावी. 'आज बाथरूम घासून देतोस का?' असे विचारावे लागले तर ते काम विचारणाऱ्याचेच राहते. बाथरूम ज्याचे आहे त्याने ते कधी घासायचे, साबण संपत आला आहे का, वायपरचे रबर फाटले आहे का, हे सारे पाहायचे आणि इतरांनी त्यात नाक खुपसायचे नाही.

मधलाबाक

अबोली यांच्याशी सहमत आहे आणि पुरुष म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे कपड्यांचे सगळे खाते माझ्याकडे आहे: मशीन लावणे, वाळत घालणे, घड्या घालणे, कपाटात ठेवणे, इस्त्रीवाल्याचा हिशोब. सुरुवातीला पत्नीला माझ्या घड्या पसंत नव्हत्या आणि ती त्या उलगडून पुन्हा घालत असे. तसे चालू राहिले असते तर मी ते काम सोडून दिले असते आणि दोघांनाही आपलेच खरे वाटले असते. तिने पाहणे सोडून दिले आणि माझ्या घड्याही कालांतराने चौकोनी झाल्या. काम सोपवले की त्याचा दर्जाही थोडा काळ सोपवावा लागतो, ही गोष्ट अनेक घरांत अवघड जाते.

सोफ्यावरच्या ढिगाविषयी एक व्यवहार्य सूचना आहे. ढीग होतो कारण वाळलेले कपडे काढणे आणि घडी घालणे ही आपण दोन कामे मानतो. दोरीपाशीच उभे राहून, एकेक कपडा काढतानाच घडी घालून माणसागणिक वेगळ्या चळती लावल्या तर सोफा मध्ये येतच नाही. ज्याची चळत त्याने जेवणाआधी उचलायची.

दगडफूल

मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. अबोली म्हणतात तशी संपूर्ण वाटणी ऐकायला उत्तम आहे, परंतु ज्या घरात एक जण तीन पाळ्यांत काम करतो आणि दुसरा महिन्यातून दहा दिवस फिरतीवर असतो तिथे 'बाथरूम तुझे' हे सूत्र टिकत नाही. आमच्याकडे त्यामुळे माणसांपेक्षा वेळेला काम बांधलेले आहे: रात्री जेवण झाल्यावर घरात जे असतील ते सर्व जण पंधरा मिनिटे उभे राहतात. घड्याळ लावले जाते आणि ते वाजले की काम जिथे असेल तिथे थांबते. थांबणे हा नियमाचा महत्त्वाचा भाग आहे, कारण न संपणाऱ्या कामाला मुलेही येत नाहीत आणि मोठेही.

दुसरे, ताईंविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. त्यांचा खाडा झाला की घर कोसळते असे मूळ धाग्यात आले आहे. त्यांना आठवड्याची एक पगारी सुट्टी ठरवून दिली तर अचानक होणारे खाडे कमी होतात हा माझा अनुभव आहे, कारण दवाखाना, रेशन, मुलांच्या शाळेतील सभा ही त्यांचीही कामे असतातच. त्या सुट्टीच्या दिवशी काय करायचे आणि काय सोडायचे हे आधीच ठरलेले असावे. आमच्याकडे त्या दिवशी फरशी पुसली जात नाही आणि आकाश कोसळत नाही. तसेच दिवाळीपूर्वीचे माळे, खिडक्यांच्या जाळ्या आणि पंखे ही रोजच्या पगारात बसणारी कामे नव्हेत. त्यांचे पैसे वेगळे ठरवून वेगळे द्यावेत.

नानाकाका

एक दिवस फरशी पुसली नाही तर चालते, हे वाचून वाईट वाटले.

दगडफूल

काका, आमच्याकडे चपला दाराबाहेरच राहतात आणि पायपुसणी दोन आहेत, एक उंबऱ्याबाहेर आणि एक आत. धूळ आत येते ती मुख्यतः पायांनी. पायपुसणे आठवड्यातून एकदा झटकून धुतले तर फरशीचे निम्मे काम तिथेच होते. मात्र समोर इमारतीचे बांधकाम चालू असेल किंवा रांगणारे बाळ असेल तर रोज पुसावे, यात दुमत नाही.

स्टुटगार्टवासी

जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील श्वाबेन या प्रदेशात राहतो, तिथली पद्धत या चर्चेला धरून आहे. इथे 'केअरवोखे' म्हणजे झाडण्याचा आठवडा पाळण्याची जुनी रीत आहे. इमारतीतील कुटुंबांची पाळी लागते. ज्यांचा आठवडा असेल त्यांच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. त्या आठवड्यात जिना झाडणे-पुसणे त्यांचे, आणि मोठी पाळी असेल तर अंगण व समोरचा पदपथही त्यांचाच. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला जाते. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना सुरुवातीला याचा जाच वाटतो, विशेषतः जिना दिसायला स्वच्छ असतानाही पुसावा लागतो तेव्हा.

मात्र या रीतीची एक खुबी अबोली आणि दगडफूल यांच्या वादात उपयोगी पडेल असे वाटते. काम कोणा एकाच्या माथी कायमचे बसत नाही, आणि तरीही 'आज ते कोणाचे आहे' याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. आमच्या घरात स्वयंपाकघर रात्री बंद करण्याचे काम असेच फिरते. पाटीऐवजी आम्ही एक लाकडी लाटणे वापरतो, ते ज्याच्या खुर्चीवर दिसेल त्याचा आठवडा.

फुरसत

आमच्या घरी लाटणे खुर्चीवर दिसले तर मी आठवडाभर बाहेरच जेवेन.

सायलीची_आई

मुले आणि सासूबाई या विषयावर लिहिते, कारण केतकीच्या घरासारखेच आमचेही घर आहे. सहा वर्षांच्या मुलाला 'तुझी खोली आवर' असे सांगितले तर तो खोलीच्या मध्यभागी उभा राहून रडू लागतो, कारण त्याला सुरुवात कुठून करायची हे दिसत नाही. त्यालाच 'सगळ्या गाड्या या निळ्या टोपलीत टाक' असे सांगितले तर तो टाकतो. झाकण नसलेल्या, त्याच्या उंचीवर ठेवलेल्या मोठ्या टोपल्या घ्याव्यात. डब्यात डबा आणि त्यात कप्पा अशी मांडणी फक्त मोठ्यांना सुंदर वाटते. अकरा वर्षांच्या मुलीला वह्या-पुस्तकांसाठी टेबलाशेजारीच एक खण द्यावा. ती अभ्यास जेवणाच्या टेबलावर करणार असेल तर पुस्तके ठेवण्याची जागा तिच्या खोलीत असून उपयोग नाही. वस्तू जिथे वापरली जाते तिथेच तिचे घर असेल तर ती परत जाते.

सासूबाईंना 'तुम्ही आराम करा' असे म्हणणे हे प्रेमाचे वाटते, पण पुष्कळदा त्यांना ते बाजूला सारल्यासारखे वाटते. आमच्याकडे देवघर, भाजी निवडण्याची जागा आणि मसाल्यांचा कप्पा पूर्णपणे त्यांच्या ताब्यात आहे. पितळी डबे त्यांचेच असतील तर ते चिंचेने घासण्याचा दिवसही त्यांनीच ठरवावा. आमच्या सासूबाईंनी अर्ध्याहून अधिक डबे स्वतःहून नणंदेला देऊन टाकले, ते घासण्याचे काम त्यांच्याकडे आल्यावर.

रत्नांग्रीकर

चिंचेने पितळ घासल्यावर लगेच धुऊन कोरडे पुसावे, नाहीतर पावसाळ्यात ते पुन्हा हिरवे पडते. बाकी नणंदेला डबे देण्याची युक्ती थोर आहे.

कुतूहल

झाडणारे-पुसणारे स्वयंचलित यंत्र कोणी वापरले आहे का? आमच्या घरी आणावे की नाही यावरून दोन तट पडले आहेत.

मधलाबाक

वापरतो. सपाट, मोकळ्या जमिनीवर ते इमाने इतबारे चालते, पलंगाखालची धूळ तर आपल्यापेक्षा चांगली काढते. मात्र आपल्या घरांतील उंबरे ते ओलांडत नाही, फोनच्या चार्जरची वायर गिळते आणि जमिनीवर पडलेली ओढणी चाकात गुंडाळून केविलवाणे शब्द करते. ते चालवण्यासाठी आधी जमिनीवरचा सगळा पसारा उचलावा लागतो, आणि आमच्या घरातील खरा फायदा तोच झाला आहे. ओले पुसणे त्याच्यावर सोपवू नये, गॅसपुढचे तेलकट डाग ते सगळीकडे सारखे पसरवते.

केतकी_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस बाहेरगावी होते म्हणून उशिरा लिहिते आहे. प्रवासात सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले आणि आम्ही दोघांनी मिळून एक मसुदा केला आहे, त्यावर मते हवी आहेत.

रोजचे म्हणून फक्त रसायनी यांनी सांगितलेले रात्रीचे स्वयंपाकघर ठेवले आहे: सिंक रिकामे, ओटा कोरडा, कचरा झाकलेला. हे काम आठवड्याआड आम्हा दोघांत फिरेल. बाथरूम पूर्णपणे नवऱ्याचे, वायपरसकट. डाग कसे काढायचे याचा अभ्यास त्याने सुरूही केला आहे. कपडे माझे, घडी दोरीपाशीच. रविवारी सकाळी मुलगी कुंड्यांच्या ताटल्या आणि फ्रिजचा ट्रे रिकामा करून घासणार, कारण डासांच्या अंड्यांची गोष्ट तिला अतिशय रोमहर्षक वाटली. धाकट्याच्या दोन टोपल्या. देवघर आणि पितळ सासूबाईंचे. उरलेले सारे, म्हणजे पंखे, जळमटे, कपाटांचे माथे, खिडक्या, यांना वारच दिलेला नाही. त्यांची यादी दाराच्या आत लावली आहे, सवड मिळेल तेव्हा वरून एक काम उचलायचे आणि तारीख लिहायची. ताईंशी बोलून बुधवारची सुट्टी ठरवली, त्या दिवशी लादी पुसायची नाही. नानाकाकांनी माफ करावे.

घडी विस्कटली तर काय, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून नीट सापडलेले नाही.

अबोली

मसुदा चांगला आहे. एकच हरकत: 'सवड मिळेल तेव्हा' या यादीकडे कोण पाहणार हे लिहिलेले नाही. लिहिले नाही तर तू पाहशील.

दगडफूल

अबोलींची हरकत योग्य आहे. रविवारी चहाच्या वेळी ती यादी कोणी तरी मोठ्याने वाचावी आणि ज्याला जे झेपेल ते त्याने सांगावे. वाचण्याचे काम अकरा वर्षांच्या मुलीकडे द्यावे, त्या वयात मोठ्यांची कामे मोजण्यात विशेष आनंद असतो.

विस्कटलेल्या घडीविषयी माझे उत्तर असे आहे. आजारपण किंवा पाहुणे आटोपल्यावर थकबाकी भरून काढायला जाऊ नये. राहिलेल्या मंगळवारची आणि बुधवारची कामे करायला बसले की पहिल्याच दिवशी माणूस खचतो. तुमच्या मसुद्यात रोजचे काम एकच आहे, ते त्याच रात्री पुन्हा सुरू करावे. सकाळी ओटा रिकामा मिळाला की स्वयंपाक वेळेवर होतो, आणि तिथून पुढची कामे हळूहळू रांगेला लागतात. जे राहिले ते त्याच्या पुढच्या फेरीला होईल.

रसायनी

सहमत आहे, दोन अपवाद सोडून. साठलेले पाणी आणि ओला कचरा यांची थकबाकी मात्र आधी भरावी, ते पुढच्या फेरीपर्यंत थांबत नाहीत.

नानाकाका

बुधवार माफ केला. बाथरूमच्या मोरीच्या जाळीत अडकणारे केस कोण काढणार, हे मसुद्यात कुठे दिसले नाही. आमच्याकडे हल्ली ते काम माझ्याकडे आहे.

केतकी_ठाणे

काका, ते बाथरूमच्या खात्यातच येते असे मी नवऱ्याला आत्ताच सांगितले. त्याचे म्हणणे असे की केस लांब असणाऱ्या दोघींनी आपापले काढावेत, आणि मुलीने त्याला पाठिंबा दिला आहे. जाळी दोघींकडे आली.